टाकाऊ गाळावर वसलेलं बंदर: किंग्ज लिन

(थेट कॅमेऱ्याकडे)

नमस्कार मंडळी! इंग्लंडची बंदरं म्हटलं की लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टल ही नावं लगेच येतात. आज मात्र आपण पूर्व किनाऱ्यावर, नॉरफकमधल्या किंग्ज लिनला जाऊ. या बंदराखालची जमीनसुद्धा आसपासच्या लोकांच्या मिठाच्या धंद्यातून तयार झालीय.

(नकाशा: वॉशची खाडी, ग्रेट ऊझ नदीचं मुख)

ही वॉशची खाडी. उथळ, चिखलाची. मध्ययुगात इथे मीठ पिकायचं, पण आपल्या उरण-वसईच्या मिठागरांसारखं नाही, कारण तिथे तेवढं ऊन कुठलं? भरतीनं खारावलेला वरचा गाळ खरवडायचा, तो पाण्यानं धुऊन कडक खारट पाणी काढायचं आणि शिशाच्या कढयांत आटवायचं. जळण म्हणून पीट, म्हणजे दलदलीत कुजून साठलेल्या वनस्पतींची वाळवलेली ढेकळं. धुतलेला गाळ तिथेच टाकायचा. पिढ्यान्‌पिढ्या टाकलेल्या त्या गाळाचे उंचवटे झाले, आणि भरतीच्या पाण्यापासून वाचलेल्या अशा जागेवर लोक राहायला आले.

१२व्या शतकाच्या सुरुवातीला नॉरिचचे बिशप हर्बर्ट द लोसिंगा यांनी इथे सेंट मार्गारेटचं चर्च आणि मठ उभारला. बाजार आणि जत्रेचं उत्पन्न मठाला लावून दिलं. म्हणून गावाचं नाव बिशप्स लिन. १५३७ साली आठव्या हेन्रीनं गाव आपल्याकडे घेतलं, तेव्हा ते किंग्ज लिन झालं.

पण बंदराला खरी बरकत आली ती नदीमुळे. १३व्या शतकात शेजारच्या विस्बेच गावाकडचं नदीचं मुख गाळानं भरत गेलं आणि ऊझचं बरंचसं पाणी लिनकडे वळलं. केंब्रिज, हंटिंग्डनकडचं धान्य, लोकर सपाट बुडाच्या होड्यांतून खाली यायला लागलं. परतीच्या होड्यांत वाइन, लाकूड, मासळी, पुढे न्यूकासलचा कोळसा. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांनी १४७५ च्या सुमारास इथे बांधलेली वखार आजही उभी आहे. त्यांची इंग्लंडमधली एवढी एकच इमारत उरलीय.

(फोटो: टेरिंग्टन सेंट क्लेमेंट, वॉलपोल सेंट पीटर)

हा पैसा फक्त शहरात राहिला नाही, आसपासच्या पॅरिशमधल्या चर्चपर्यंत पोचला, हे मला या गोष्टीत सगळ्यात रंजक वाटतं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. पिकाचा दहावा हिस्सा चर्चचा. भरतीला बांध घालून मिळवलेली खाडीकाठची जमीन सुपीक, वर माल विकायला बंदर हाकेच्या अंतरावर. आता हे टेरिंग्टनचं चर्च बघा. खेडेगावातलं आहे म्हणून कोणी सांगेल का?

१२१६ साली जॉन राजा लिनहून निघाला आणि त्याचं सामानसुमान याच वॉशमध्ये बुडालं. खजिना शोधणारे अजून फिरतात. फिरू देत.

१७व्या शतकात मात्र गावं आणि बंदर, दोघांवरही संकट आलं. १६३० साली अर्ल ऑफ बेडफर्ड आणि त्याच्या भागीदारांनी लिनच्या मागची फेन्स नावाची सखल दलदल कोरडी करायचं ठरवलं. मोबदला ९५,००० एकर जमीन! गावकऱ्यांची सामायिक चराई, मासेमारी, बोरू कापायचा हक्क गेला. त्यांनी बांध फोडले, दंगली केल्या. डच अभियंता व्हर्मायडेननं १६५१ साली लिनच्या वरच्या अंगाला डेन्व्हर गावी ऊझ नदीवर दरवाजे बसवले, तेव्हा लिनचे व्यापारी ओरडले: आमच्या होड्या अडतात, बंदर गाळानं भरतंय! १७१३ साली पुरानं ते दरवाजे फोडले. अनेकांना आनंदच झाला असणार. पण १७५० पर्यंत ते पुन्हा बांधून झाले, कारण जमीनदारांचं पारडं जड होतं.

नदीवरच्या होड्यांचा धंदा शेवटी १८४७ साली आलेल्या रेल्वेनं मोडला. १८६९ साली बांधलेली अलेक्झांड्रा गोदी मात्र अजून चालू आहे, आणि फेन्सच्या त्याच कोरड्या केलेल्या शेतांमधलं धान्य तिथून आजही जहाजात चढतं.