विल्यम हूडची वारस

ही पिन जरा जवळून बघा. मधोमध सूत कातायचा चरखा, त्याला 13 आरे. कडेला 13 तारे. ब्रिटनविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढलेल्या अमेरिकी वसाहतीही तेवढ्याच.

पिन आहे 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन'ची, म्हणजे डीएआरची. त्या लढ्यातल्या लोकांच्या वंशज बायकांची ही संस्था. 1890 साली वॉशिंग्टनमध्ये ती निघाली, कारण वर्षभर आधी निघालेल्या पुरुषांच्या संस्थेने बायकांना दारातच अडवलं होतं.

संस्थेचा खरा कारभार चालतो गावोगावच्या शाखांत, रजिस्ट्रारबाईंच्या टेबलावर. पूर्वज लढ्यात होता म्हणता? मग पिढीमागून पिढी कागद दाखवा. जन्माचे दाखले, लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रं, घरच्या बायबलात पणजोबांनी लिहून ठेवलेल्या तारखा. 'आमची आजी सांगायची' एवढ्यावर भागत नाही.

1976. देशाला 200 वर्षं होत होती. करेन बॅचेलर या कृष्णवर्णीय तरुण आईने आपल्या घराण्याचा माग काढायला घेतला. त्या पोचल्या विल्यम हूडपर्यंत. हा हूड पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्यात होता, आणि गोरा होता.

मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या रॉयल ओक या उपनगरात डीएआरची एझ्रा पार्कर शाखा आहे. तिने बॅचेलरबाईंना आपणहून बोलावलं. 1977 साली त्या सभासद झाल्या. संस्थेतल्या पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय सभासद. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली.

एका बाईने एका संस्थेचा फॉर्म भरला, त्यात पहिल्या पानाचं काय? तर ही तीच संस्था, जिने 1939 साली मॅरिअन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला आपला कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारला होता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी तेव्हा सभासदत्वाचा राजीनामा दिला. अँडरसन मग ईस्टरच्या दिवशी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या, 75 हजार लोकांसमोर, उघड्यावर.

रॉयल ओकने दार उघडलं म्हणून सगळीकडची उघडली, असं मात्र झालं नाही. लीना फर्ग्युसन यांचाही पूर्वज क्रांतियुद्धातला. तरी राजधानीतल्या शाखेत त्यांना प्रवेश मिळेना. 1984 साली वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे चक्रं हलली. संस्थेला नियमात भेदभावबंदी घालावी लागली, आणि लढ्यातल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावं शोधायचं कबूल करावं लागलं.

त्या नावांचा जाडजूड ग्रंथ 2008 साली डीएआरनेच छापला.