निराधारचा पगार आणि आयटीआयचा फॉर्म

नमस्कार, श्रोतेहो.

संजय गांधी निराधार योजनेच्या दीड हजारांना बायका ‘पगार’ म्हणतात. महिन्याचा भरवशाचा पैसा तेवढाच असला, तर दुसरं म्हणणार तरी काय? (भरवशाचा म्हणजे, बँकेत दोन हेलपाटे धरून.)

आता धरून चला, पुण्याच्या जनता वसाहतीतली एक ताई आहे. नवरा गेलेला, दोन पोरं, स्वतः दहावी पास, वय पस्तीस. तिला औंधच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यायचाय. आयटीआयला वयाची वरची अट नाही, त्यामुळे प्रवेश मिळेलही. अडचण पुढेच आहे. निराधार योजनेची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750. चार घरच्या धुण्याभांड्यांतही ती ओलांडत असेल, पण ते पैसे कागदावर येत नाहीत. शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन, म्हणजे कामावर शिकताना मिळणारे पैसे, मात्र थेट खात्यात पडतं आणि लगेच दिसतं. म्हणजे धुणंभांडं केलं तर पगार चालू, शिकून पुढे गेली तर बंद! ती फॉर्मच भरत नाही, यात नवल ते काय?

राज्याने 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बऱ्याच मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलंच केलं. पण फी माफ झाली म्हणून बसभाडं सुटत नाही, बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

पुण्याला हे नवं नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. तिथे राहणं, जेवण आणि शाळा एकाच आवारात होतं. पोटाची काळजी वेगळी आणि पाटीची वेगळी, असं त्यांनी मानलं नाही. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानेही बायकांना परिचारिकेच्या शिक्षणापर्यंत नेलं.

म्हणून मागणी साधी आहे. शिकतेय तोवर, आणि नोकरी लागल्यावर पुढचं एक वर्ष, पगार थांबवू नये. विद्यावेतन उत्पन्नात धरू नये. हे सरकारच्या हातात आहे.

तुमच्या-आमच्या हातात एवढंच: दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे फॉर्म निघतात. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी भरला, तर त्यांना म्हणा, “सकाळी नको, संध्याकाळी या. पैसे तेवढेच.”