खिंडार पाडलं कोणी? रनिंग बॅकचं कॉलेजातलं नाव आणि एनएफएल

मंडळी, सुरुवात एका विचित्र जोडीपासून करू. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या इंडियानापोलिस कोल्ट्सकडे २०१३ च्या हंगामात दोन रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारे गडी, होते. समोर वाट मोकळी करणारी पाच दांडग्यांची फळी दोघांना तीच, पास टाकणारा क्वार्टरबॅक तोच, डावपेचांची वहीही तीच. डोनाल्ड ब्राऊन १०२ वेळा चेंडू घेऊन पळाला आणि त्याने ५३७ यार्ड काढले, म्हणजे दर धावेला ५.३. ट्रेंट रिचर्डसन १५७ वेळा पळाला आणि ४५८ यार्डांवरच राहिला. दर धावेला २.९.

आता हा रिचर्डसन कोण? दोनच वर्षांपूर्वी अलाबामा विद्यापीठासाठी १,६७९ यार्ड काढणारा, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइसमन करंडकाच्या मतदानात तिसरा आलेला गडी. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, क्लीव्हलंडने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं, आणि एक जागा वर सरकण्यासाठी मिनेसोटाला तीन जादा निवडी दिल्या. पुढच्या हंगामाचे दोन सामने होतात न होतात तोच त्याला कोल्ट्सकडे धाडलं. कोल्ट्सनीही पहिल्या फेरीची निवड मोजली. २०१४ च्या हंगामानंतर तो एनएफएलचा एकही सामना खेळला नाही.

‘पोरगा बिघडला’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. कॉलेजातला आकडा मुळात त्याच्या एकट्याचा नव्हता, एवढं आधी मान्य करू. अलाबामाच्या त्या फळीतले चान्स वॉर्मॅक आणि डी. जे. फ्लुकर २०१३ च्या ड्राफ्टमध्ये दहावे आणि अकरावे गेले. असे दोन पहाड एका फळीत उभे असले की समोरच्या विद्यापीठाच्या वीस वर्षांच्या पोरांचं काय होत असेल! खिंडार इतकं रुंद पडतं की बॅकला वाट शोधावीच लागत नाही.

आणि वाट शोधणं हेच तर या धंद्यातलं खरं कसब. ‘झोन’ पद्धतीच्या धावेत ठरलेलं भोक नसतं. फळीतले पाचही जण एकाच दिशेला सरकतात, बॅक त्यांच्यामागून तिरका येतो आणि जिथे फट दिसेल तिथे एकदाच वळतो. इथे घाई नडते. बॅकने आधी फळीच्या पाठीला जवळजवळ चिकटेपर्यंत जायचं, म्हणजे पलीकडचा लाइनबॅकर, बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा असलेला गडी, एका फटीला बांधला जातो. मग वळायचं. दोन पावलं आधी वळलात तर लाइनबॅकर अजून मोकळाच असतो. तो तुमच्याबरोबर वळतो आणि फट बुजवतो. कॉलेजात ही चूक खपून जाते, कारण लाइनबॅकर पोहोचेपर्यंत बॅक पाच यार्ड पुढे गेलेला असतो. एनएफएलमध्ये त्याच चुकीचा एक यार्ड होतो. याउलट फळीमागे बारीक पावलं टाकत रेंगाळलात, तर मागून येणारा बचावपटू कंबर धरतो. रिचर्डसनचं दुखणं बरंचसं हे दुसरं होतं.

मैदानाचाही हात असतो, आणि टीव्हीवर ते चटकन लक्षात येत नाही. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूट. पण चेंडू जिथून खेळात येतो त्या आतल्या खुणांच्या दोन रांगा कॉलेजात एकमेकींपासून ४० फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंचांवर. चेंडू कडेच्या रांगेवर असला तर कॉलेजात एका बाजूला तब्बल १०० फूट मोकळे मिळतात, एनएफएलमध्ये फार तर ८९ फूट ३ इंच. ही मोकळी बाजू म्हणजे नुसत्या वेगावर कोपरा गाठणाऱ्याचा, फळीच्या टोकाला वळसा घालणाऱ्याचा, हक्काचा मुलूख. त्यात व्यावसायिक लाइनबॅकरही कोपरा गाठतात. रेजी बुशने २००५ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियासाठी दर धावेला ८.७ यार्ड काढले होते. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये ते ३.६ झाले. पण त्याच हंगामात त्याने ८८ पास झेलले. त्याचं नाव बुडालं नाही, त्याचा अर्थ बदलला.

रॉन डेनचं उलटं. त्याचं हत्यार वजन होतं. हंगामाअखेरचे बोल सामने धरून विस्कॉन्सिनसाठी ७,१२५ यार्ड, १९९९ चा हाइसमन, आणि २००० मध्ये जायंट्सकडून अकराव्या क्रमांकावर निवड. व्यावसायिक कारकिर्दीत सगळे मिळून ३,७२२, आणि एकाही हंगामात हजार नाहीत. नुसता हात घालून अडवू पाहणारे कॉलेजातले बचावपटू अशा देहावर आपटून गळून पडतात. एनएफएलमध्ये खांदा येतो, तोही बॅकने वेग घेण्याआधी.

आता जे काम वर्तमानपत्रात छापून येत नाही, ते. तिसऱ्या डाऊनला, म्हणजे दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरीला, क्वार्टरबॅक पास टाकणार असतो आणि बॅकला पहारा द्यायचा असतो. चेंडू हलण्याआधी कोणता लाइनबॅकर येऊ शकतो ते ओळखायचं. नजर आतून बाहेर फिरवायची, कारण क्वार्टरबॅककडे सर्वांत जवळची वाट मधूनच जाते. कोणी आला तर मागे थांबायचं नाही, पुढे सरसावून त्याच्या छातीत हात घालायचे, डोकं वर ठेवून. कोणी आला नाही तर पास घ्यायला निसटायचं. नवखा इथे दोन ठिकाणी चुकतो: मधला माणूस सोडून कडेच्या धिप्पाडाकडे धावतो, नाहीतर मान खाली घालून गुडघ्यांवर झेप घेतो आणि हवेत जातो. अशी एक चूक म्हणजे कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅक जमिनीवर. दुसऱ्या चुकीला प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतो, आणि सोमवारी लोक विचारतात, ‘एवढा गाजलेला पोरगा, मग खेळवत का नाहीत?’

मेल्विन गॉर्डनचं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनसाठी २,५८७ यार्ड, त्यातले ४०८ एकट्या नेब्रास्काविरुद्ध. २०१५ मध्ये सॅन दिएगो चार्जर्सकडे पंधरावी निवड. पहिल्या हंगामात ६४१ यार्ड, सहा वेळा चेंडू निसटला आणि टचडाउन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेणं, शून्य. लोकांनी फुकट गेलेली निवड म्हणून शिक्का मारला. पण विस्कॉन्सिनमध्ये तो फुलबॅकच्या, म्हणजे पुढे धावून वाट मोकळी करणाऱ्या गड्याच्या, मागून, खोलवर उभा राहून पळायचा. चार्जर्सकडे तो बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा असे. तिथून चेंडू घेताना धाव जवळजवळ जागेवरून सुरू होते. २०१६ मध्ये संघाने फुलबॅक घेतला, डेरेक वॉट, गॉर्डनचा विस्कॉन्सिनमधलाच सोबती. दुखापतीने हंगाम आटोपता घ्यावा लागेपर्यंत गॉर्डन ९९७ यार्डांवर पोहोचला होता. टचडाउन दोन आकडी, आणि हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या प्रो बोलसाठी निवडही.

पण म्हणून सगळं श्रेय रचनेला देऊन चालेल का? टेरेल डेव्हिस पाहा. जॉर्जिया विद्यापीठातून १९९५ मध्ये डेन्व्हरने सहाव्या फेरीत घेतलेला, १९६ वा. तोक्योतल्या सरावसामन्यात किकनंतर केलेल्या एका जबर टॅकलने तो प्रशिक्षकांच्या नजरेत भरला. १९९८ मध्ये २,००८ यार्ड. तो जायबंदी झाल्यावर डेन्व्हरच्या त्याच रचनेत १९९९ मध्ये ओलांडिस गॅरीने १,१५९ आणि २००० मध्ये माइक अँडरसनने १,४८७ यार्ड काढले. लगेच कुजबुज सुरू झाली की डेव्हिसही फळीचाच होता. अवघे ७८ सामने, त्यात हा संशय, आणि हॉल ऑफ फेमचं, दिग्गजांच्या मानाच्या दालनाचं, दार उघडलं २०१७ मध्ये. माझ्या मते उशिराच. हजार-दीड हजार यार्ड रचना देते. दोन हजारांपर्यंत नेणारा माणूस वेगळाच असतो.

डेरिक हेन्रीला तर थांबावंच लागलं. २०१५ चा हाइसमन, २,२१९ यार्ड, तरी ड्राफ्टमध्ये ४५ वा. इतका उंच बॅक ताठ पळतो, गुडघ्यांवर मार खाईल, ही शंका होती. टेनेसीत पहिली दोन वर्षं तो डीमार्को मरीच्या मागे राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध एका सामन्यात २३८ यार्ड, त्यातली एक धाव ९९ यार्डांची. २०२० मध्ये २,०२७.

तेव्हा नवा बॅक पाहायला बसाल तेव्हा पहिले आठ सामने यार्ड मोजू नका. तो वळतो केव्हा ते बघा, पहिला हात लागण्याआधी किती गेला आणि लागल्यानंतर किती ते वेगळं मांडा. तिसऱ्या डाऊनला कॅमेरा चेंडूमागे गेला तरी तुम्ही क्वार्टरबॅकच्या शेजारी पाहत राहा. तिथे त्याच्याऐवजी दुसराच कोणी उभा दिसला, तर प्रशिक्षकांचं मत तुम्हाला कळलं.