पहिली किक सगळ्यात शेवटी

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या दिवाळीनंतर गडहिंग्लजकडचा एक तरुण टेम्पोत घालून एक येझदी मोटरसायकल आमच्या गॅरेजवर घेऊन आला. वडिलांची गाडी. ते गेल्यापासून अकरा वर्षं गोठ्यात, कडब्याच्या आडोशाला उभी होती. गाडी खाली उतरली आणि त्यानं विचारलं, "काका, मारू का किक?" मी त्याचा हातच धरला. आज मला बोलायचंय ते याच किकबद्दल.

येझदी बनायची म्हैसूरला. १९६१ साली जावा या नावानं सुरू झालेला तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या मिळतात, पण ती इंजिनं वेगळी, त्यांचे पार्ट जुन्या गाडीला लागत नाहीत. म्हणून जुन्या येझदीतला एखादा पार्ट आपल्या उतावळेपणानं मोडला, की तो शोधायला जुना बाजार पालथा घालावा लागतो.

गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सिलिंडरच्या आत गंजाचा पातळ थर धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्याला चिकटतात. अशात जोरानं किक मारली तर रिंग तुटते. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात तिचा तुकडा पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, अडकला की बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खरवडून निघते. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती, घरच्यांनी अर्धा तास किका मारून झाल्यावर. बोअर, पिस्टन, सगळंच काम निघालं. हे टाळता येतं. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे टू-टी ऑईल, म्हणजे टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते तेल, सोडा आणि दोन रात्री गाडीला हात लावू नका. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं थोडं पुढे, थोडं मागे करा. पिस्टन हलला तर ते हाताला लगेच कळतं. नाही हलला तर आणखी ऑईल, आणखी दोन दिवस. जोर लावायचा नाही.

त्या दोन दिवसांत बाकीची कामं उरकतात. या येझदीच्या एका सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं कडबा भरला होता. तसंच चालू केलं असतं तर इंजिनाला श्वासच मिळाला नसता.

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट झालं होतं. ते काढून टाकीत व्हिनेगर भरलं, आत जुन्या सायकलच्या चेनचा तुकडा सोडला आणि अधूनमधून टाकी हलवत राहिलो. चेन बरी, कारण ती अख्खी ओढून काढता येते. सुटे नट टाकले तर एखादा आतच राहतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन टाकी उन्हात खडखडीत वाळवली. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकचे वायसर नवेच घाला, आणि गाडी पुन्हा महिनोन्महिने ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून ठेवा. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, तारेनं कोरू नका, भोक मोठं होतं. हवेच्या प्रेशरनं साफ करा.

आता ठिणगी. पॉइंट म्हणजे ठिणगी वेळेवर पाडणारा उघडझाप करणारा स्विच. पॉइंटवाल्या येझदीची ठिणगी बॅटरीवर चालते. बॅटरी मेलेली असेल तर तुम्ही दिवसभर किका मारा, काही होणार नाही. कित्येक जण इथेच हरतात आणि इंजिनाला दोष देतात. आधी चार्ज झालेली बॅटरी लावा. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासा, गॅप ०.४ मिलिमीटर ठेवा. ठिणगी पिवळी, अशक्त पडत असेल तर कंडेन्सर बदला. ठिणगी बघताना पेट्रोल जवळपास नको.

गिअरबॉक्सचं ऑईल बदला. क्लच प्लेटा चिकटल्या असतील तर क्लचचा लिव्हर दाबून रात्रभर दोरीनं बांधून ठेवा, बहुधा सुटतात.

एवढं झाल्यावर पाचव्या दिवशी किक. टाकी न चढवता आम्ही सलाईनसारखी एक छोटी बाटली टांगली. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी. गिअरचा लिव्हर आत दाबून मागं फिरवला, की तोच किक होतो. पोराला म्हटलं, "आता मार." सातव्या किकला गाडी बोलली. तो काही बोलला नाही, नुसता टाकीच्या जागी हात ठेवून उभा राहिला.

पहिल्यांदा धूर होणारच, ऑईल जळतं ते. पण दहा मिनिटांनीही पांढरा धूर थांबेना आणि गिअर ऑईलचा वास आला, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या क्रँकभोवतीचं रबरी सील, गेलंय. आणि थ्रॉटल सोडूनही इंजिनाचा वेग चढतच गेला, तर डायनामोच्या बाजूच्या सीलमधून हवा शिरतेय. लगेच चावी बंद करा. तशी गाडी पळवली तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक शू आणि टायर बघा. बाजूला चिरा पडलेला टायर नक्षी शाबूत असली तरी टाकून द्यायचा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुढे दर पाच वर्षांनी. विमा आणि पीयूसीही हवंच.

दहा किलोमीटर फिरवून आणल्यावर प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. त्या येझदीचा निघाला पांढराफटक. उजवं, म्हणजे डायनामोच्या बाजूचं, सील कडक होऊन हवा ओढत होतं. पोराला म्हटलं, आज गाडी इथंच राहू दे, शनिवारी ये. सील सांगलीहून मागवलं आणि शनिवारी दोघांनी मिळून बसवलं.

नमस्कार.