क्लिनिकल ट्रायलचे पैसे: कोणाला मिळतात, कशाचे मिळतात आणि सही करण्याआधी काय बघायचं

नमस्कार मंडळी. आधी हा मेसेज बघा.

(स्क्रीनवर मेसेज, फोन नंबर झाकलेला)

"18 ते 45 वयाचे निरोगी पुरुष हवेत. तीन दिवस राहणे. जेवण, वायफाय फुकट. मोबदला रोख. मित्राला आणल्यास वेगळे पैसे."

मला हा माझ्या मावसभावाने पाठवला. पुण्यात कॉटबेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मेसचे पैसे भरले की खिशात काही उरत नाही. खाली त्याचा एकच प्रश्न होता: "दादा, जाऊ का?"

त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

क्लिनिकल ट्रायल म्हणजे औषधाची माणसांवर घेतलेली चाचणी. तिच्यात माणूस दोन दारांनी आत जातो. एक दार निरोगी माणसाचं, दुसरं पेशंटचं. पैसे मिळतात असं जे आपण ऐकतो, ते बहुतेक वेळा पहिल्या दाराबद्दल असतं. पेशंटला पगारासारखं काही मिळत नाही. ट्रायलचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या फुकट असतात, येण्याजाण्याचा खर्च मिळतो, कधी बुडालेल्या रोजाची भरपाईही मिळते. "तुम्हाला डायबेटीस आहे ना, मग महिना अमुक हजार मिळतील" असं कोणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा. आणि कोणी उलट तुमच्याकडेच नोंदणी फी मागितली, तर फोन ठेवून द्या. ट्रायलमध्ये घेण्यासाठी पैसे घेत नाहीत.

आता भावाच्या मेसेजकडे येऊ. हा जवळजवळ नक्की बीई स्टडी आहे, म्हणजे बायोइक्विव्हॅलन्स. एखाद्या कंपनीला बाजारात असलेल्या गोळीची स्वतःची जेनेरिक आवृत्ती काढायची असते. तिला दाखवावं लागतं की आपली गोळी रक्तात मूळ गोळीइतकीच आणि तितक्याच वेगाने उतरते. दोन्हींच्या आकड्यांचं गुणोत्तर, सांख्यिकी हिशोबासकट, 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसावं लागतं. हे मोजायला निरोगी माणसाचं रक्त लागतं.

तिथे होतं काय? आधी स्क्रीनिंग. रक्त, लघवी, ईसीजी, बऱ्याचदा छातीचा एक्स-रे. त्यात पास झालात तर आदल्या संध्याकाळी भरती. रात्रभर उपाशी. सकाळी मोजून पाणी आणि एक गोळी. हातात सुई बसवलेली, आणि पहिल्या काही तासांत तर दर थोड्या वेळाने नळी भरून रक्त. चहा-कॉफी बंद, तंबाखू बंद, जेवण त्यांच्या घड्याळाप्रमाणे. मग घरी. काही दिवसांनी परत तेच, आता दुसऱ्या कंपनीच्या गोळीसोबत. म्हणजे मेसेजमधले "तीन दिवस" हे बऱ्याचदा अर्धंच गणित असतं. एकूण किती रक्त काढणार ते संमतीपत्रात, म्हणजे तुम्ही सही करता त्या कागदात, मिलिलिटरमध्ये लिहिलेलं असतं. तुलना करायला सांगतो, रक्तदानात एका वेळी 350 किंवा 450 मिली काढतात.

मोबदला मिळतो तो वेळेचा, गैरसोयीचा आणि टोचून घेण्याचा. धोक्याची किंमत म्हणून नाही. म्हणून रक्कम कंपनी आपल्या मनाने ठरवून मोकळी होऊ शकत नाही, ती एथिक्स कमिटीने, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या समितीने, मंजूर करावी लागते. रक्कम इतकीही मोठी नको की माणूस डोळे झाकून सही करेल. अर्ध्यात सोडलं तर? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2006 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे: अभ्यासाशी संबंधित वैद्यकीय कारणाने बाहेर पडलात तर पूर्ण, इतर कारणाने पडलात तर जितका भाग घेतला तितके. "शेवटपर्यंत थांबला नाहीस तर एक रुपया नाही" हे माणसं गोळा करून आणणाऱ्या एजंटचं बोलणं आहे.

एजंटबद्दल माझं मत वाईट आहे, लपवत नाही. माणशी कमिशन मिळतं म्हणून ते एकच गोष्ट शिकवतात: "मागच्या महिन्यात दुसरीकडे जाऊन आलास हे सांगू नको." दोन स्टडींमध्ये साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात, ते उगाच नाही. पहिलं औषध अजून शरीरात असताना दुसरं घेतलं तर काय होईल, हे कोणालाच सांगता येणार नाही. रक्तही भरून यायला वेळ लागतो. लपवलंत तर डॉक्टरांचा अंदाज चुकेल, आणि शरीर तुमचं आहे.

बीई स्टडीत औषध बहुधा आधीच बाजारात असतं, त्याचे त्रास माहीत असतात. पण माणसाच्या अंगात पहिल्यांदाच जाणारं औषध, म्हणजे पहिला टप्पा, ही वेगळी गोष्ट. मार्च 2006, लंडन. टीजीएन1412 नावाचं औषध, आठ तरुण, प्रत्येकी सुमारे 2,000 पौंड. दोघांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला डोस. बाकी सहा जणांना काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक औषध टोचलं, आणि थोड्याच वेळात सहाही जण कोसळले. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटली होती. सगळे वाचले, पण एकाच्या पायाची बोटं गेली. त्यानंतर अशा चाचण्यांत आधी एकाला डोस देऊन थांबायचं, बघायचं, मग पुढच्याला, ही शिस्त आली. म्हणून केंद्रावर पहिला प्रश्न हाच विचारा: हे औषध आधी माणसांना दिलंय का?

आता दुसरं दार, पेशंटचं. इथे एक उदाहरण मला फार आवडतं. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि देशातली आणखी काही केंद्रं, मिळून 11. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन करण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. तेच, दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते. जवळपास 1,600 बायका, निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही, ऑपरेशन सगळ्यांचं तेच. 2023 मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्या गटात 86.6 टक्के, दुसऱ्यात 82.6. काही रुपयांच्या औषधाने हा फरक! आणि तो कळला तो त्या बायकांनी "चिठ्ठीत निघेल त्या गटात मला टाका" असं मान्य केलं म्हणून.

पण त्यातच मेख आहे. नेहमीच्या उपचारात डॉक्टर तुमच्याकडे बघून ठरवतात. ट्रायलमध्ये बरंच काही कागदावर आधीच ठरलेलं असतं, आणि कोणता गट ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून "नवं आहे म्हणजे चांगलंच असणार" हे मनातून काढा. चांगलं आहे की नाही हेच तर बघायचं असतं.

शोधायचं कुठे? सीटीआरआय. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया. आयसीएमआरची सरकारी साइट, 2007 पासून सुरू, बघायला फुकट.

(स्क्रीन रेकॉर्डिंग: शोधाची चौकट)

आजाराचं नाव इंग्रजीत टाका. साइट जरा जुन्या वळणाची आहे, धीर धरा. प्रत्येक ट्रायलच्या पानावर बघा: कोणत्या गावातलं कोणतं हॉस्पिटल, कोण घेतले जाणार, कोण नाही, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, भरती चालू की बंद. तिथला संपर्क क्रमांक घ्या, व्हॉट्सअॅपवरचा नको. कोणी ट्रायल सांगितली की नंबर मागा: सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे. बीई केंद्र असेल तर औषध नियंत्रकांकडे केंद्राची नोंदणी आहे का तेही विचारा.

आणि संमतीपत्र. मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. घरी न्या, घरच्यांना दाखवा. पहिल्याच भेटीत "इथे सही करा" म्हणणाऱ्याला म्हणा, उद्या येतो.

त्यात नुकसानभरपाईचा परिच्छेद शोधा. 2019 च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार, आणि भरपाई वेगळी. मृत्यू झाला तर सूत्र आहे: 8 लाख, गुणिले वयाचा घटक, गुणिले जोखमीचा घटक, भागिले 99.37. जोखमीचा घटक अर्ध्यापासून चारपर्यंत. मरणाच्या दारातल्या पेशंटला अर्धा, निरोगी माणसाला चार. माझ्या भावाच्या वयाला, 25 ला, हिशोब जवळजवळ 70 लाखांपर्यंत जातो. हे ऐकवल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला. पैशाच्या आकड्याने नव्हे, सरकारने असं सूत्र बसवून ठेवलंय याने.

(थांबून) तो गेला नाही. मेसेजवाल्याला केंद्राचं नाव विचारलं, तर "आधी ये, मग सांगतो" असं उत्तर आलं.

माझी आत्या मात्र गेली. चिपळूणची, डायबेटीसची पेशंट, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलातली ट्रायल. तिने समन्वयक मुलीला विचारलं होतं, "बाई, मला नुसती खडूची गोळी देणार नाही ना?" ती म्हणाली, "काकू, देऊसुद्धा. पण तुमच्या रोजच्या गोळ्या चालूच राहणार, ही त्यांच्या जोडीला." हे ऐकून आत्याने सही केली. तिसऱ्या महिन्यात गुडघे बोलायला लागले, एसटीचा प्रवास झेपेना, तिने सोडून दिलं. कोणी कारण विचारून छळलं नाही. त्याच ओपीडीत तिचे नेहमीचे उपचार चालू आहेत. तिला औषध मिळालं होतं की खडू, ते अजून कळलेलं नाही. ट्रायल संपली की कळवू म्हणालेत.