औषध पखालीला

मंडळी, सुरुवात कबुलीनं करतो. मी कोंबड्यांचा डॉक्टर, आणि एक काळ असा होता की मी स्वतः कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक लिहून देत होतो, आणि सढळ हातानं देत होतो. पांढरी पावडर, पाण्यात पटकन विरघळणारी. पाच हजार पक्ष्यांची शेड असली की पाकीट फोडायचं, टाकीत ओतायचं, काठीनं ढवळायचं. पिल्लं उतरली की पहिले तीन-चार दिवस हे द्यायचंच, असा रिवाज होता. आजारी कोण आहे, हे कोणी विचारतच नव्हतं. वरच्या टाकीत औषध गेलं की मालक निर्धास्त आणि डॉक्टरही निर्धास्त.

आज इथं येताना वाटेत दोघांनी अडवून एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर, चिकन खायचं की सोडायचं?” खा. मीही खातो. नीट शिजवा, कच्चं मांस कापलेल्या सुरीनं कोशिंबीर चिरू नका, हात धुवा. बाकी कोंबड्या फुगवायला हार्मोनची इंजेक्शनं देतात, हे डोक्यातून काढून टाका. पाच हजार पक्ष्यांना रोज इंजेक्शन टोचायला माणसं कुठून आणायची? इथं शेड झाडायला माणूस मिळत नाही.

मांसात औषधाचा अंश उरतो का, हा प्रश्न मात्र खरा आहे. 2014 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दिल्ली आणि आसपासच्या भागातले चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. यावर उपाय सोपा आहे. औषध बंद केल्यावर ठरलेले दिवस थांबायचं, मगच माल उचलायला द्यायचा. पण शेडमधून बाहेर पडणारी दुसरी एक गोष्ट आहे. ती दिवस मोजून थांबत नाही आणि तिला बाहेर पडायला चिकनच्या दुकानाची गरजही लागत नाही.

अमेरिकेत बॉस्टनजवळ स्टुअर्ट लेव्ही नावाच्या संशोधकानं 1970च्या दशकात एक साधा प्रयोग केला. एका शेतकरी कुटुंबाच्या वाडीवर 300 पिल्लं ठेवली. निम्म्यांच्या खाद्यात थोडं ऑक्सिटेट्रासायक्लिन, निम्म्यांचं खाद्य साधं. एक-दोन आठवड्यांत औषधवाल्या पक्ष्यांच्या पोटातले ईकोलाय जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. इथवर आश्चर्य नाही. पण बारा आठवड्यांच्या आसपास तेच जंतू इतर औषधांनाही जुमानेनासे झाले आणि ती औषधं तर त्या पिल्लांना कोणी दिलीच नव्हती! पुढं पाच-सहा महिन्यांत त्या घरातल्या माणसांच्या विष्ठेतही प्रतिकारक जंतू वाढलेले दिसले. शेजाऱ्यांच्यात तसं नव्हतं. घरच्यांनी औषध खाल्लं नव्हतं. त्यांनी फक्त पिल्लांना दाणा-पाणी केलं होतं.

न दिलेल्या औषधाला जंतू कसा सरावतो? जंतूच्या पेशीत त्याच्या मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी सुटी कडी असू शकते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. जुडग्यात चार कुलपांच्या चार किल्ल्या असाव्यात तशी चार औषधांना चकवणारी जनुकं एका प्लाझ्मिडवर असू शकतात. जंतू हे जुडगं शेजारच्या जंतूला देतो, तो दुसऱ्या जातीचा असला तरी. तुम्ही एका औषधाचा मारा केलात की जुडगंच्या जुडगं टिकून राहतं.

आता कॉलिस्टिन. हे 1940च्या दशकाच्या शेवटी जपानात सापडलं. किडनीला त्रास देतं म्हणून माणसांच्या डॉक्टरांनी ते पुढं जवळजवळ अडगळीत टाकलं आणि आम्ही पशुवैद्यांनी उचललं. स्वस्त, शिवाय पोटातून रक्तात फारसं जात नाही, म्हणून आम्हाला ते निर्धोक वाटायचं. मधल्या काळात दवाखान्यांतली एकेक चांगली औषधं निकामी होत गेली आणि आयसीयूतल्या डॉक्टरांना अडगळीतलं हे जुनं हत्यार पुन्हा काढावं लागलं. शेवटच्या फळीतलं औषध म्हणतात ते हेच. इकडं आम्ही ते टाकीत ओतत होतो.

नोव्हेंबर 2015मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कॉलिस्टिनला चकवणारं जनुक प्लाझ्मिडवर सापडलंय, म्हणजे हातोहात फिरतंय. त्याचं नाव एमसीआर-1. डुकरांत, दुकानातल्या मांसात आणि दवाखान्यातल्या रुग्णांत, तिन्हीकडं होतं. ते वाचलं तेव्हा मला मी कॉलिस्टिन लिहून दिलेले कागद आठवले. आणि रक्तात फारसं जात नाही, तर जातं कुठं? विष्ठेतून लिटरमध्ये. लिटर म्हणजे शेडमध्ये अंथरलेला भुसा आणि त्यात मिसळलेली विष्ठा, आमचं कोंबडीखत. ते ट्रॅक्टरनं उसाला जातं, द्राक्षाला जातं.

चीननं 2017मध्ये वाढीसाठी खाद्यात कॉलिस्टिन घालणं बंद केलं. आपल्या सरकारनं जुलै 2019मध्ये पोल्ट्री, मत्स्यपालन आणि पशुखाद्यासाठी त्यावर बंदीच घातली. चीनमध्ये नंतर त्या जनुकाचं प्रमाण डुकरांतही उतरलं आणि माणसांतही. लेव्हीच्या वाडीवरही औषधी खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी तपासलेल्या दहांपैकी आठ माणसांत प्रतिकारक जंतू सापडेनात. उतार पडतो, एवढं नक्की. पण एका पाकिटावर बंदी आली की दुकानदार दुसरं पाकीट पुढं सरकवतो, हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.

म्हणून आता शेडमध्ये चला. डिसेंबर-जानेवारी, पहाटे थंडी कडाक्याची. पिल्लांना गारठा नको म्हणून पडदे चारी बाजूंनी गच्च वर ओढलेले. आत भुसा ओला, त्यातून अमोनिया उठतो. तो श्वासनलिकेतली बारीक लव मारतो, धूळ आणि जंतू थेट आत जातात. पक्षी घरघरायला लागतात, शिंकतात, मग मर सुरू. सुपरवायझर म्हणतो, सीआरडी आहे, म्हणजे कोंबड्यांचा जुनाट श्वसनाचा आजार, औषध सोडा. हवा बिघडलेली आणि उपचार टाकीला! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण आपल्या लोकांनी कोंबड्या बघून केली असावी असं मला कधी कधी वाटतं.

शेतकऱ्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. करारावरच्या शेडमध्ये पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषधही तिचंच. त्याच्या हाती किलोमागं ठरलेले पैसे, आणि मर वाढली की त्यातही कपात. अशा माणसाला “थांबा, नमुना प्रयोगशाळेत पाठवू” म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी म्हणावं लागतं.

मागं एका जानेवारीत एका शेतकऱ्याचा पहाटे फोन आला, औषधाचं नाव सांगा म्हणून. मी म्हटलं, आधी आत जा आणि उकिडवे बसा, पक्ष्याच्या उंचीला नाक आणा. उभ्या माणसाला वास कमी येतो. पाच मिनिटांनी परत फोन, आवाज बसलेला. “डोळ्यांतून पाणी वाहतंय हो.” त्यानं पडदा वरून दीड फूट खाली घेतला, ओलं लिटर उपसलं, कोरडा भुसा टाकला. मी सकाळी जाऊन मेलेले पक्षी उघडले. काळजावर पांढुरकं पटल धरलेलं, म्हणजे ईकोलाय पुरता शिरलेला. नमुना तपासायला पाठवला. त्याच्या नेहमीच्या औषधाला तो जंतू दाद देत नव्हता, दुसरं लागू पडलं. त्या बॅचला औषध द्यावंच लागलं. पुढच्या थंडीतल्या बॅचला लागलं नाही. पडद्याची दोरी मात्र त्यानं आता स्वतःच्या खाटेजवळ आणून बांधलीय.