हार्ट्सची शेवटची सात मिनिटं

मंडळी, स्कॉटिश फुटबॉलचा १९८५-८६ चा मोसम मी आज घेतलाय. सेल्टिकने तो जिंकला, पण मला बोलायचंय हार्ट्सबद्दल. एडिनबरोचा हा क्लब १९८३ मध्ये खालच्या विभागातून वर आला होता. या मोसमातही पहिल्या आठ सामन्यांत पाच पराभव. त्यानंतर मात्र लीगमध्ये सलग २७ सामने कुणालाही त्यांना हरवता आलं नाही! बचावात ३७ वर्षांचा सँडी जार्डिन, पुढे जॉन रॉबर्टसन. त्या वर्षी तिथल्या फुटबॉल पत्रकारांनी जार्डिनलाच सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, आणि ते अगदी योग्यच होतं.

३ मे १९८६. मोसमाचा छत्तिसावा, शेवटचा सामना. डंडीच्या डेन्स पार्कवर हार्ट्सला नुसती बरोबरी पुरणार होती. विजयाला तेव्हा दोनच गुण मिळत. गुण सारखे झाले तर गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल, बघितला जायचा. सेल्टिक दोन गुणांनी मागे, गोलफरकातही चार गोलांनी मागे. म्हणजे हार्ट्सने हरायचं आणि त्याच वेळी सेल्टिकने मोठा विजय मिळवायचा, असं दोन्ही जुळून यायला हवं होतं. तिकडे पैसलीत सेल्टिकने मध्यंतरापर्यंतच सेंट मिरनवर चार गोल चढवले, शेवटी सामना ५-० ने जिंकला. तरीही डेन्स पार्कवर ८२ मिनिटं ०-०, म्हणजे विजेतेपद हार्ट्सचंच होतं. ८३ व्या मिनिटाला कॉर्नर. डंडीचा बदली खेळाडू अल्बर्ट किड, त्याने गोल केला. चार मिनिटांनी त्यानेच दुसरा. पैसलीतले सेल्टिकचे प्रेक्षक ट्रान्झिस्टर कानाला लावून होते. समोर मैदानात काहीच घडलेलं नसताना तिथे एकदम जल्लोष उठला.

आता थोडं गणित करू, कारण मला सगळ्यात जास्त चटका तिथेच बसतो. दोघांचेही गुण ५०. सेल्टिकचे गोल ६७, खाल्लेले ३८, फरक २९. हार्ट्सचे ५९, खाल्लेले ३३, फरक २६. जुना नियम भागाकाराचा होता: केलेले गोल भागिले खाल्लेले. तसं केलं तर हार्ट्सचे १.७९ आणि सेल्टिकचे १.७६. जुन्या नियमाने हार्ट्स विजेते!

पण १९६५ मध्ये तोच जुना नियम लागू होता. तेव्हाही शेवटचाच दिवस, तेव्हाही ०-२ असाच पराभव, आणि तोही हार्ट्सच्या घरच्या टाइनकॅसलवर. समोर होता किल्मार्नॉक. गुण सारखे झाले, भागाकारात किल्मार्नॉक कणभर पुढे निघाला. वजाबाकी केली असती तर हार्ट्स ४१, किल्मार्नॉक २९. क्रिकेटमधल्या नेट रनरेटने रडवलेल्या आपल्यासारख्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. पण इथे तर एकाच क्लबला दोन्ही नियमांनी हरवलं.

डेन्स पार्कनंतर सातच दिवसांनी, १० मे रोजी, याच खेळाडूंना हॅम्पडनवर स्कॉटिश कपची अंतिम फेरी खेळायची होती. अ‍ॅबर्डीनने त्यांना ३-० ने हरवलं.